सहा गाठींची सुतळी

१२ डिसेंबर १९९६, कर्जत

टीव्ही केंद्राकडून मंजुरीचं पत्र आलं. तेरा भाग, दर गुरुवारी संध्याकाळी. लेखक-निर्माता : विलास कर्जतकर. एसटी स्टँडसमोरच्या लॉजच्या जिन्यात उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. न राहवून मॅनेजरलाही दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे आता पंखा असलेली खोली लागंल तुमाला."

दहा वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिले. नाव यायचं सगळ्यात शेवटी, तेही निम्म्या वेळा जाहिरातीनं कापलेलं. आता पहिल्यांदा आपली स्वतःची मालिका. आणि गोष्ट आईची.

उद्या गावी जाऊन आईला सांगायचं. सगळं नाही सांगायचं.

१३ डिसेंबर

वस्तीवर गेलो. आईनं पत्र हातात धरलं, वाचता येत नसताना दोन्ही बाजू बघितल्या, मग कपाळाला लावलं. "माजं नाव येनार टीव्हीवर? कोंडाबाई साळवे असं?"

मी म्हटलं, "तुझी गोष्ट येणार."

तिनं लगेच शेजारच्या गिरजाबाईला हाक मारली. झालं, अंगणात दहाबारा बाया. आणि आईनं परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुष्काळात तळ्याचं काम निघालं होतं. बाया खड्डे खणायच्या आणि मुकादम टेपचं टोक तळाला न टेकवता वरच धरून माप कमी सांगायचा. आकडे कुणालाच वाचता येत नव्हते. मग आईनं कोपरापासून बोटापर्यंत आपला हात धरून सुतळीला सहा गाठी मारल्या. मोठा साहेब आला त्या दिवशी ती सुतळी घेऊन पुढं झाली. साहेबाचा शिपाई तिच्या हातातून सुतळी घेईना, शिवेल म्हणून. तिनं सुतळी साहेबाच्या बुटापुढं टाकली आणि म्हणाली, "उचला आन मोजा." साहेबानं स्वतः वाकून उचलली. मुकादम त्याच दिवशी कामावरनं गेला.

शंभरदा ऐकलंय. आज ऐकताना जमिनीकडं बघत बसलो.

कारण माझ्या पटकथेत ती सुतळी आईच्या हातात नाहीच. ती पाटलाच्या धाकट्या सुनेच्या, शारदावहिनींच्या हातात आहे. शिकलेली, गोरी, दारात तुळस. केंद्राला पहिलं दोन पानी टिपण पाठवलं त्यात आई होती, वस्ती होती, शिपाई होता. पूर्ण पटकथा लिहायला बसलो आणि सगळं बदललं. नाहीतर केंद्रात चाललं नसतं. घराघरात बघितलं गेलं नसतं. आधी मालिका तर होऊ दे, पुढच्या वेळी खरं लिहू.

हे मी स्वतःला गेले चार महिने सांगतोय.

५ जाने. १९९७

युनिट आलं. पंचवीस माणसं, दोन टेम्पो, एक जनरेटर. शूटिंग त्याच तळ्यावर. दिग्दर्शक इनामदारांना जागा बघताक्षणी आवडली. "कर्जतकर, अहो हे कुठून शोधलंत?"

म्हटलं, "ऐकून होतो."

ऐकून होतो! इथनं आमची वस्ती चालत अर्ध्या तासावर आहे. या तळ्यात मी पोहायला शिकलो.

सरपंचाच्या शेतात दुपारी सगळ्यांना हुरडा. पुण्यामुंबईची माणसं हुरड्याला नुसती हपापलेली. इनामदार म्हणाले, "तुमचं घर इकडंच ना कुठंतरी? आईंच्या हातचं जेवायला न्या की." मी म्हटलं, घर सध्या बंद असतं. तोंडातून आपोआप निघून गेलं. मला पटकन खोटं बोलता येतं, दहा वर्षं संवाद लिहिण्याचा हा फायदा.

७ जाने.

आज जे झालं ते लिहू का नको करत होतो.

दगडूमामा सायकलवरनं तळ्यावर आला. आईचा धाकटा भाऊ. मला लहानपणी खांद्यावर बसवून कर्जतला सिनेमा दाखवायला न्यायचा. नवा सदरा, डोक्यावर टोपी. मी इनामदार आणि नायिकेबरोबर खुर्चीवर बसलो होतो. मामा लांबूनच हात वर करून मोठ्यांदा म्हणाला, "जयभीम, भाचेराव!"

मी म्हणालो, "नमस्कार, नमस्कार."

दोनदा म्हणालो. हसून म्हणालो, जसं गावातल्या कुणालाही म्हणावं तसं. मामाचा हात वर होता तो तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यानं खाली घेतला आणि टोपी नीट केली. नायिकेनं विचारलं, "कोण हे?" मी म्हणालो, इथले आहेत, ओळखीचे.

मामा चहा न घेता गेला. मी मागनं हाकसुद्धा मारली नाही. थू तुझ्या जिंदगानीवर, विलास.

८ जाने.

मामा आला नाही.

११ जाने., शनिवार

निम्मी माणसं काष्टीच्या बाजाराला गेली, बैल बघायला. इनामदारांना बैलजोडी हवीय भाग ७ साठी. सुट्टी मिळाली म्हणून आईकडं गेलो.

नव्या कपबश्या आणून फळीवर मांडून ठेवल्यात, तीस. "तुजी मान्सं कवा येनार च्याला?" म्हटलं, वेळच नाही गं त्यांना, उजेड असेपर्यंत काम असतं. ती म्हणाली, "रात्री येऊ दे की मग." मी विषय बदलला.

खरी सुतळी मागितली. क्लोजअपला खरीच हवी असं इनामदारांना म्हणालो होतो, तेवढंच आईचं काहीतरी मालिकेत असावं म्हणून. पत्र्याच्या पेटीतनं काढून दिली, तळाशी फडक्यात बांधलेली होती. कुणाला हात लावू देत नाही ती. वस्तीवरच्या पोरांनासुद्धा लांबूनच दाखवते. मला देताना म्हणाली, "तुजं काम झालं का आनून दे."

मामाबद्दल काही बोलली नाही. त्यानं सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असावं.

१८ जाने.

भाग ४ चा मुख्य प्रसंग. शारदावहिनी हाताला सुतळी लावून मोजतात, कॅमेरा जवळ. नायिका उंच, लांब हातांची. आई केवढीशी. नायिकेच्या कोपराला सुतळी लावली तर गाठ मनगटाच्या जरा पुढंच येऊन थांबे, बोटापर्यंत पोचेना. इनामदार म्हणाले, "हे खोटं दिसतंय. गाठी सोडून तिच्या हाताच्या मापानं मारून घ्या."

ऊन उतरत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. वाण्याचं दुकान सायकलनं दहा मिनिटांवर, सुतळीचा गुंडा हवा तेवढा मिळाला असता. एवढंच म्हणायचं होतं की थांबा, दुसरी आणतो. पण मग कुणी विचारलं असतं, का? हिला काय झालं? ही कुणाची आहे?

मी सोडल्या. इतकी वर्षं आवळलेल्या गाठी, नखांनी सुटेनात. दातांनी सोडल्या. सहाच्या सहा. मातीची चव होती.

शॉट पहिल्या फटक्यात ओके. टाळ्या. इनामदारांनी पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

२० जाने.

गाठी परत जुन्या जागी मारता येतील का बघितलं. सुतळीवर जिथं गाठ होती तिथं काळपट वळ आहे. पण एक कुठंतरी चुकते. दोन तास बसलो. नाही जमलं, शेवटी नायिकेच्या मापाच्याच गाठी ठेवल्या.

६ फेब्रुवारी

भाग १ प्रसारित. पुण्याहून फोन. चांगलं झालंय म्हणतात.

२० फेब्रुवारी

भाग ३. पत्रं यायला लागली आहेत. साताऱ्याची एक बाई लिहिते, शारदावहिनींसारखी थोर बाई प्रत्येक गावात हवी. इनामदारांनी सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं.

पुढच्या गुरुवारी भाग ४. आईचा निरोप आलाय, वस्तीवर समाजमंदिरात टीव्ही लावणार, तू ये. काहीतरी कारण काढावं.

२७ फेब्रुवारी

गेलो. कारण सुचलं नाही, पहिल्यांदाच.

समाजमंदिर भरलेलं. वीज जाईल म्हणून मामानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली होती. माझ्याकडं न बघता तारा जोडत बसला. आई पुढं, सतरंजीवर, घडीचं लुगडं. मला शेजारी बसवलं.

आता इथं लिहायलाच पाहिजे. पटकथा बदलली तेव्हा मी एक शहाणपणा केला होता. मजूर बायांतली एक ठेवली आणि तिला आईचं नाव दिलं. कोंडा. आईला बरं वाटेल, नाव तरी ऐकू येईल! दोन वाक्यांची भूमिका.

पडद्यावर तळं आलं. बाया ओळखीची बाभूळ दाखवून हसायला लागल्या. मग मुकादम आला, मग शारदावहिनी आल्या. आणि मागच्या बायांतून ती कोंडा पुढं आली, वहिनीसाहेबांच्या पायाशी बसली, पदर डोळ्याला लावून म्हणाली, "वहिनीसाहेब, आमी अडाणी, आमी काय करावं?"

मी लिहिलेलं वाक्य.

मग शारदावहिनींनी सुतळी काढली. हाताला लावली. टाळ्या वाजल्या नाहीत.  गिरजाबाईनं हळूच विचारलं, "कोंडाबाय, तू रडली हुतीस व्हय गं?"

आई म्हणाली, "न्हाई."

भाग संपला. एकेक जण उठून गेला. मामा तारा काढताना पाठमोराच म्हणाला, "चांगलं रंगवलंय, कर्जतकर."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "असं का रं केलं?"

मी म्हणालो, "मी नाही आई, केंद्रानं बदलायला लावलं. मोठ्या बाई आहेत तिथं, दीक्षित म्हणून. त्या म्हणाल्या असंच पाहिजे, नाहीतर मालिका बंद."

आईनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. "लई तरास देत्यात व्हय रं तुला?"

देवा. ज्या बाईनं मला फक्त पत्रं लिहिलीत, तीही सभ्य भाषेत, तिच्यावर ढकललं.

१ मार्च

सुतळी परत दिली. न बघता फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवेल असं वाटलं होतं. तिनं उलगडली, कोपराला लावली. पहिली गाठ बोटांच्या पार पुढं, हवेत. दुसरी लावून बघितली. मग मला म्हणाली, "हात आखडला का काय माजा?"

मी म्हणालो, शूटिंगमध्ये कुणीतरी सोडल्या वाटतं, विचारतो.

कुणीतरी.

१८ मार्च

दीक्षितबाई न सांगता शूटिंग बघायला आल्या. शिर्डीला दर्शनाला आल्या होत्या, तिथनं गाडी वळवली. पन्नाशीच्या, चष्मा, साधी सुती साडी. सेटवर खुर्ची मागितली नाही, दगडावर बसल्या. म्हणाल्या, "तुमची भाषा फार छान आहे." मला पळून जावंसं वाटत होतं. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत जातील, कुणाला कळायचं नाही.

चार वाजता आई आली. मामाच्या सायकलवर मागं बसून. कुठून कळलं कोण जाणे, गावात गाडी आली की सगळ्यांना कळतंच. सरळ आमच्याकडं चालत आली. युनिट बघत होतं. मी उठलो, पुढं झालो, म्हटलं, "आई, तू कशाला..." हा शब्द सेटवर पहिल्यांदा निघाला तोंडातून. इनामदारांनी मान वळवली.

आईनं मला हातानं बाजूला केलं. "केंद्राच्या बाई तुमीच का?"

दीक्षितबाई उभ्या राहिल्या. "हो."

"मी इलासची आई. कोंडाबाई. बाई, ती सुतळी माजी हाय. साहेबापुढं मी टाकली हुती. मी रडले न्हाई कवा. मला रडवायला तुमी का सांगितलं?"

दीक्षितबाई आईकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. "मी? अहो आजी, आम्ही तर कर्जतकरांचं पहिलं टिपण वाचून मंजुरी दिली. त्यात सुतळीवाली बाई मजूरच होती, वस्तीवरची. शिपाई हात लावत नाही तो प्रसंग होता. मला तोच फार आवडला होता. पटकथा वेगळी आली तेव्हा मला वाटलं, लेखकाची इच्छा. आम्ही एक शब्द बदलायला सांगितला नाही."

 जनरेटर चालू होता तेवढाच आवाज.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी लिहिणारा माणूस, पण ते बघणं लिहिता येत नाही मला. रागाचं नव्हतं, एवढं लिहितो. राग चालला असता.

मग ती दीक्षितबाईंकडं वळून हसली. "व्हय का? मंग माजीच ऐकन्यात चूक झाली, बाई. ह्यो दुसरंच कायतरी म्हनला आसंल. वय झालं. ऱ्हाऊ द्या." आणि मला म्हणाली, "बाईला च्या पाज की. पाव्हन्या मान्साला दगडावर बसवतेत व्हय?"

पंचवीस माणसांपुढं तिनं मला झाकलं. मी ज्यांच्यापुढं तिला लपवत होतो, त्यांच्यापुढं.

मामा सायकल धरून उभा होता. जाताना मी म्हणालो, "जयभीम, मामा." तो म्हणाला, "आता कशापाई?"

१९ मार्च

कुणी मागितलं नव्हतं. कुणीही मागितलं नव्हतं रे. मीच, आपणहून, आधीच.

२० मार्च

दीक्षितबाई परवा निघण्याआधी लॉजवर भेटून गेल्या होत्या. म्हणाल्या, "शेवटचा भाग अजून शूट झालेला नाही ना? हवं तर बदला. मंजुरीचं मी बघते." आणि दारातनं वळून, "तुम्हाला कशाची भीती वाटली?"

 खरं म्हणजे काही ठरावीक भीती नव्हतीच. एक सवय आहे. मुंबईत खोली शोधताना आडनाव विचारलं तेव्हा पहिल्यांदा 'कर्जतकर' म्हणालो. लगेच खोली मिळाली. तेव्हापासून कुणी विचारायच्या आधीच मी सांगून मोकळा होतो.

इनामदार आता फार आदरानं बोलतात माझ्याशी. तेही नको वाटतं.

२ एप्रिल

भाग १३ नवीन लिहिला. चार दिवस, एका बैठकीत बसल्यासारखा. तळं भरलंय, शारदावहिनींचा सत्कार चाललाय, आणि गर्दीतनं म्हातारी कोंडा उठते, म्हणते, सुतळी माझी होती. मग सगळं खरं. शिपाई, बूट, उचला आन मोजा. दहा वर्षांत असं लिहिलं नाही.

वाचून दाखवायला आईकडं गेलो. ती ज्वारीचं पोतं भरत होती. मी बोलायला लागलो आणि माझं लक्ष गेलं. पोत्याचं तोंड तिनं त्या सुतळीनं बांधलं होतं.

"आई, ही..."

"आता साधी सुतळी हाय ती. उंदरं लई झाल्यात, तोंड बांधाय पायजे."

मी कागद न उघडता परत आलो. बस चुकली, पायी आलो कर्जतपर्यंत.

१० एप्रिल

आज परत गेलो. जयंती जवळ आली, वस्तीवर सगळीकडं चुना, निळे झेंडे, मामा शिडीवर. मी शिडी धरली. त्यानं धरू दिली. 

आईला म्हटलं, फक्त ऐक. तिनं ऐकलं. निवडायची तूर पुढ्यात, हात चालूच. शिपायाच्या प्रसंगाला हात थांबले. शेवट ऐकून म्हणाली, "असंच झालं हुतं."

मी म्हणालो, "त्या कोंडाचं पूर्ण नाव घालतो. कोंडाबाई साळवे. मोठ्या अक्षरात."

"नगं."

"अगं, तुझीच इच्छा होती ना?"

"हुती. आता नगं. मी काय केलं ते समद्या वस्तीला ठावं हाय, माजं टीव्हीवाचून काय आडलं न्हाई." तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. "तुजं घाल."

"माझं असतंच की. लेखक म्हणून."

"ते कर्जतकर कोन हाय मला ठावं न्हाई. तुज्या बापाचं आडनाव घालून दाव. मंग मी समाजमंदिरात बसंन."

मी म्हटलं, "बघतो." ती परत निवडायला लागली. बघतो म्हणालो! अजूनही.

१५ एप्रिल, सकाळ

नव्या भागाचं शूटिंग काल संपलं. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंना सुतळी वाण्याकडची दिली. त्यांचा शेवटचा संवाद झाला तेव्हा इनामदारांनी कट म्हणायला उशीर केला.

शेवटच्या भागाला पूर्ण नामावली जाते. कागद अकराच्या पुणे गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायचा, स्टँडवर एडिटिंगवाल्यांचा माणूस उतरवून घेईल. पंचेचाळीस नावं लिहून झाली. स्पॉटवाले, टेम्पोवाले, सरपंच, सगळे. तळ्याच्या वस्तीवरच्या बायांचीही घातली, गिरजाबाईसकट. विशेष आभार : दगडू मामा, त्याचं आडनाव घालून.

सर्वात वरची ओळ शेवटी लिहायची ठेवली होती.

लेखक-निर्माता : विलास

पेन इथंच थांबलंय. केंद्रात माझी दुसरी मालिका विचाराधीन आहे. तिथं सगळे मला ज्या नावानं ओळखतात ते पाच अक्षरांचं आहे. आईनं सांगितलेलं तीन अक्षरांचं. मॅनेजर दारातनं विचारून गेला, पाकीट न्यायला माणूस पाठवू का. मी म्हणालो, थांब, मीच येतो.

साडेदहा झालेत.